नोकरीचा पंचनामा

जुन्नर वनविभागात बिबट्याने शेळी नेली तर सरकार येतं. उशिरा येतं, पण येतं. वनरक्षक उसातले ठसे बघतो, जनावरांचे डॉक्टर उरलंसुरलं तपासून दाखला देतात, पंच सह्या करतात आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर का होईना, मालकाच्या खात्यात काहीतरी पडतं. बिबट्या सापडलाच तर त्याचीही माणिकडोहच्या निवारा केंद्रात खाण्यापिण्यासकट सोय होते. गारपिटीने द्राक्षं झोडपली तर तलाठी येतो. पण मंचर-नारायणगावच्या पोराची कारखान्यातली नोकरी परदेशाने नेली तर कोण येतं? मोटारसायकलच्या हप्त्याचा वसुलीवाला येतो.

नोकरीचा पंचनामा होत नाही, कारण तिथे ठसे उमटत नाहीत. पंच विचारणार, नेली कुणी? आणि कुठल्या दिशेने?

मावळातल्या तळेगावचंच बघा. तिथे 2008 पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता. 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण बनवणं चालू ठेवलं. शेवरोले बीट मावळात तयार व्हायची आणि मेक्सिकोत पळायची. जानेवारी 2020 मध्ये हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं. 15 जूनला राज्य सरकारने त्या कंपनीशी 3,770 कोटींचा सामंजस्य करार केला. मुहूर्त कुणी काढला होता कोण जाणे, त्याच रात्री गलवानमध्ये चिनी सैन्याशी झटापटीत आपले वीस जवान गेले. करार थांबला; थांबायलाच हवा होता. डिसेंबरअखेर तळेगावचं उत्पादनही थांबलं. मेक्सिकोत आज शेवरोलेची छोटी अ‍ॅव्हिओ मिळते, ती चीनमध्ये बनते. म्हणजे आपण चीनला मावळात येऊ दिलं नाही. मावळचं काम तेवढं चीनला पोचतं झालं.

तेव्हा राज्याचे कामगारमंत्री कोण होते? आपल्याच आंबेगावचे दिलीप वळसे पाटील. कारखाना बंद करायला त्यांच्या खात्याने परवानगी नाकारली, हे मान्य केलंच पाहिजे. कागदावर कारखाना चालू राहिला. गाड्या मात्र कागदावर बनत नाहीत. एप्रिल 2021 मध्ये साहेब कामगार खात्यातून गृहखात्यात गेले. त्याच महिन्यात कंपनीने 1,419 कामगारांना ले-ऑफची नोटीस दिली. तेही गृहखात्यात गेले, आपापल्या.

आता कुणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की! आहेत ना. 2018 मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. नोकरी गेल्यावर नव्वद दिवसांपर्यंत पगाराच्या पाव हिश्शाइतका भत्ता; कोरोनात तो वाढवून पगाराच्या निम्मा केला. मात्र त्यासाठी ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, नाव हवं, आणि ईएसआयची पगारमर्यादा 21,000 रुपये. मोठ्या कंपनीत कायम झालेल्याचा पगार तेवढ्यात थोडाच असतो? तो श्रीमंत ठरतो. आणि कंत्राटदाराकडचं पोर एवढं गरीब, की त्याचं नाव ईएसआयमध्ये चढवायला कंत्राटदाराला सवडच होत नाही. योजना या दोघांच्या बरोब्बर मधून जाते, पुणे-नाशिक बायपासने जावी तशी.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात पुनर्कौशल्य निधी आहे. छाटणी झालेल्याला नवं काही शिकायला पंधरा दिवसांचा पगार! पंधरा दिवसांत गाडी बनवणारा माणूस गाडी चालवायला शिकतो आणि मोबाइलवरच्या भाड्याची वाट बघत विमानतळाबाहेर थांबतो. हेही कौशल्यच. त्याच संहितेने कारखाना बंद करताना परवानगी मागायची अट 100 ऐवजी 300 कामगारांच्या पुढे नेली. 299 कामगारांच्या मालकाने आता निदान नकाराची तरी भीती बाळगू नये.

परदेशाने नेलेल्या नोकरीसाठी अमेरिकेने 1962 मध्येच कायदा केला होता. परदेशी मालामुळे नोकरी गेली हे सिद्ध झालं, की भत्ता आणि नव्या धंद्याचं शिक्षण. 1 जुलै 2022 पासून त्यांनी नवे अर्ज घेणं बंद केलं. साठ वर्षं योजना चालवून ते जिथे पोचले, तिथे आपण काहीही न चालवता आधीच बसलो होतो. याला दूरदृष्टी म्हणतात.

सरकारकडे पैसा नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. वाहन उद्योगाच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी केंद्राने 2021 मध्ये 25,938 कोटी काढून ठेवले. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना तर 1964 पासून आहे. कारखाना येताना जमीन, वीज, कर, सगळ्यात सवलत; जाताना सरकार त्याला हात हलवून निरोप देतं. गाडीला मदत आहे, गाडीच्या मालकाला आहे, फक्त नटबोल्ट आवळणाऱ्याचा रकाना छापायचा राहून गेला.

माझी एक सूचना आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या प्रत्येक पोराची नोकरी सातबाऱ्यावर पीक म्हणून लावून घ्यावी. 'खरीप : फिटर, जिरायत.' मग चीनची गार पडली की तलाठी येईल. एक रुपयाचा पीकविमा 2025 मध्ये बंद झाला, त्यामुळे हप्त्यातला आपला वाटा मात्र भरावा लागेल.

तोवर चाकण-भोसरीत काम धरलेल्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि त्यावर ईएसआयची कपात दिसते का ते आज रात्रीच बघावं. अटल योजनेचा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा नोकरी गेली तर अर्ज करू नका, साहेबांचा वेळ जातो.