कार्याध्यक्ष: माजी, विद्यमान आणि भावी

वाचनालय तिथे कार्याध्यक्ष. छप्पर गळत असेल, ग्रंथपाल मॅडमचा पगार थकला असेल, संध्याकाळी सहानंतर वाचक म्हणून एक मांजरच उरत असेल, पण कार्याध्यक्ष जागेवर असतात. पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं (एक सह्यांचं, एक दुसऱ्याला द्यायचं), काखेत प्लॅस्टिकची फाइल. त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. फोन केला की वहिनीसुद्धा सांगतात, "कार्याध्यक्ष आंघोळीला गेलेत."

या पदाला माणूस एकदम पोचत नाही. सुरुवात व्याख्यानमालेत सतरंज्या घालण्यापासून होते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात जितके वक्ते घडले त्याहून जास्त सतरंजीवाले घडले असावेत. सतरंजी सरळ करता करता मुलगा माइकपर्यंत जातो, "हॅलो, हॅलो, चेक" म्हणतो, स्वतःचा आवाज सभागृहभर घुमलेला ऐकतो आणि कायमचा बिघडतो. मग आभारप्रदर्शन, आजीव सभासदत्व, कार्यकारिणी, सहकार्यवाह, कार्यवाह. मधे उपाध्यक्षपद लागतं, पण ते रुसलेल्यांना बसवायचं पद. आमचे कार्याध्यक्ष तिथे एक मुदत रुसून बसले आणि वर सरकले.

या साऱ्या वाटचालीचा पुरावा फाइलमध्ये असतो. फाइलमध्ये 'परिचय' असतो. कार्यक्रम कोणाचाही असो, सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात तो आधी जातो. ती वाचते आणि हे खुर्चीत मान खाली घालून, डोळे मिटून ऐकतात. पण कान उघडे! "जिल्हा ग्रंथालय संघाचे माजी सदस्य..." म्हटलं की डोळे न उघडता, हळू आवाजात, तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल असं, "ज्येष्ठ सदस्य." परिचय संपला की उठतात आणि म्हणतात, "खरं तर याची काही गरज नव्हती. मी आपला साधा कार्यकर्ता." मग, "जास्त वेळ घेणार नाही." हे वाक्य ऐकताच मागच्या रांगेतले अनुभवी लोक चहाला उठतात.

सत्काराच्या शाली त्यांच्याकडे इतक्या साठल्यात की आता त्यांच्या हस्ते होणाऱ्या सत्कारांना नवी शाल लागत नाही. नारळांची व्यवस्था वहिनी बघतात. त्या घरात नारळाच्या वड्या बारमाही आहेत.

पुस्तकांशी त्यांचं नातं जवळचं आहे, पण बाहेरून. कुठलंही पुस्तक हातात दिलं की ते उलटं करून आधी किंमत बघतात. "साडेतीनशे. सूट किती दिली?" मजकुराबद्दल विचारलं तर "चाळलंय" म्हणतात. एकदा एक लेखक व्याख्यानाला आले. कार्याध्यक्ष भर सभेत म्हणाले, "सरांची पुस्तकं आमच्या कपाटात कधी दिसतच नाहीत!" लेखक सुखावले. ग्रंथपाल मॅडमनी पदर तोंडाला लावला, कारण या लेखकाचं एकही पुस्तक संस्थेने घेतलेलं नव्हतं. 1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्याच साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. कायद्यातली कलमं कार्याध्यक्षांना तोंडपाठ आहेत. 'मृत्युंजय'चा संबंध दर दोन वर्षांनी येतो, बांधणीच्या बिलावर सही करताना.

12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, ते डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतात आणि त्यांचं चरित्र सांगतात. गणिताचे प्राध्यापक, 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, सुरुवातीला या कामात जीव रमेना, परत शिकवायला जातो म्हणाले. इथे कार्याध्यक्ष थांबतात, सभेकडे बघतात आणि म्हणतात, "माझंही तसंच झालं. मला हे पद नकोच होतं." मग पंचसूत्रीकडे वळतात. रंगनाथनांनी सूत्रं पाच सांगितली, कार्याध्यक्ष दर वर्षी तीनच सांगतात. उरलेली दोन वेळेअभावी राहतात. रंगनाथनांच्या नावाने राज्य सरकार ग्रंथालय कार्यकर्त्यांना पुरस्कार देतं, त्याचा प्रस्ताव मात्र पाचही सूत्रांसह, कात्रणं जोडून, दर वर्षी वेळेत जातो.

त्यांचं सर्वांत मोठं संशोधन म्हणजे संस्थेचं स्थापनावर्ष. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840, पुणे नगर वाचन मंदिर 1848, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850, ही वंशावळ ते एका दमात म्हणतात आणि शेवटी आपल्या संस्थेला आणून उभं करतात. पण दारावरच्या पाटीप्रमाणे शतकोत्तर रौप्यमहोत्सव त्यांची मुदत संपल्यावर, पुढच्या कार्याध्यक्षाच्या वाट्याला येत होता. कार्याध्यक्ष माळ्यावर चढले. दोन दिवस धूळ खाऊन उतरले तेव्हा हातात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असा शिक्का असलेलं एक जीर्ण पुस्तक होतं, सालासकट. संस्था एका दुपारीत चार वर्षांनी म्हातारी झाली आणि महोत्सव मुदतीत बसला. शिक्का आमच्याच गावचा कशावरून, असं एका इतिहासाच्या मास्तरांनी विचारलं. त्यांना स्मरणिका समितीत घेण्यात आलं.

दर्जाच्या तपासणीचा दिवस हा त्यांचा खरा सण. 'ब' वर्गाचं 'अ' व्हायचं असतं. जिल्ह्याहून ग्रंथालय अधिकारी येणार म्हणून आदल्या दिवशी दाखल नोंदवहीला नवं वेष्टन, नियतकालिकांना धोबीघडी आणि समोरच्या टपरीवरच्या चौघांना बोलावणं: "अकराला या, चष्मा आणा." चौघं येतात, अग्रलेख वाचतात. त्यातला रिक्षावाला गेल्या खेपेपासून खरंच रोज यायला लागलाय. सध्या त्याची बाबा कदमांची चौथी कादंबरी चालू आहे.

निवडणुकीत एकदा ते पडले. 'परिवर्तन' नावाच्या पॅनेलने पाडलं. त्या दिवशी ज्यांनी कित्येक वर्षांत एक पुस्तक नेलं नव्हतं असे आजीव सभासद गाड्या भरभरून आले होते. त्यातले निम्मे कार्याध्यक्षांनीच करून घेतलेले, हे दुःख जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचनकक्षात हजर, साधे वाचक म्हणून. पेपर उघडला आणि पेपरामागून आवाज: "तो तिसरा पंखा कोणासाठी चालू आहे?" शिपायाने सवयीने बंद केला. पुढची तीन वर्षं नवे कार्याध्यक्ष आत बसत आणि जुने पंखा सांभाळत. मग परिवर्तनाचं धर्मादाय आयुक्तांकडच्या बदल अर्जावरून आपसातच बिनसलं आणि हे परत आत गेले.

साहित्य संमेलन आपल्या गावी व्हावं आणि आपण स्वागताध्यक्ष, हे त्यांचं जुनं स्वप्न. पण त्या खुर्चीला मंत्री लागतो, निदान आमदार, कारण मांडवाचा खर्च परिचयपत्रातून निघत नाही. शेजारच्या गावच्या एका लहान संमेलनात त्यांना भोजन समिती मिळाली. नाराज होऊन गेले, पण मसालेभात असा उतरवला की परिसंवादाचा विषय काय होता हे कोणाला आठवत नाही आणि भात सर्वांना आठवतो. फाइलमध्ये ते पद 'संयोजन (विशेष जबाबदारी)' असं नोंदलंय.

आता हसावं तेवढं थोडं. पण तळमजल्यावर दुकानगाळे काढायची टूम निघाली तेव्हा हाच माणूस फाइल घेऊन कचेऱ्यांच्या बाकांवर महिनोन्‌महिने बसला. गाळे झाले नाहीत, स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका झाली. मोठ्या पावसात कौलं उडाली त्या रात्री बनियनवर येऊन गुडघाभर पाण्यातून पुस्तकं वर पोचवणाऱ्यांत तेच पुढे होते आणि तेव्हा एकाही पुस्तकाची किंमत त्यांनी बघितली नाही. अभ्यासिकेतल्या मुलीची फौजदार म्हणून निवड झाली तेव्हा पहिली शाल यांचीच. वापरलेली होती, पण त्यांच्याकडची सर्वांत चांगली.

यंदाच्या वार्षिक सभेत एक तरुण सभासद उठला आणि म्हणाला, "कार्याध्यक्ष, आपण शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत?"

सभा गप्प. कार्याध्यक्षांनी चष्मा पुसला.

"संस्थेची घटना," ते म्हणाले. "आणि तिच्यात लिहिलंय, आयत्या वेळचा विषय अध्यक्षांच्या परवानगीनेच घेता येतो. आपण घेतली होती का?"

सभेने टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी कार्याध्यक्षांनी त्या तरुणाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाजूला नेलं. तो आता सहकार्यवाह आहे. परवा रस्त्यात भेटला तेव्हा त्याच्या काखेत प्लॅस्टिकची फाइल होती. म्हणाला, "परिचय लिहिलाय, जरा नजर टाकता का? तसा मी साधा कार्यकर्ता..."