पाच बाय पाच

जळगावच्या महाबळ भागात किंवा धुळ्याच्या देवपुरात नव्या बंगल्याचा गिलावा सुकत आला, की फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहतात. पांढरा सदरा, खिशात मापाची टेप, वय साठीच्या पुढे. नोकरी जिल्हा परिषदेत नाहीतर बँकेत झालेली. जीव मात्र अजून रावेर-यावलच्या किंवा शिरपूरच्या वावरात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. असे आप्पा प्रत्येक कॉलनीत एक असतात. दोन असले तर त्यांचं आपसात पटत नाही.

आप्पांना घर दिसत नाही, फ्रंट दिसतो. "तीस फूट. पश्चिमेचं तोंड. सात वेल आरामात बसतात, भाऊ."

हा हिशेब केळीचा. खानदेशात केळी पाच बाय पाचवर लावायची, म्हणजे एकरी १,७४२ खोडं बसतात, आणि हा आकडा आप्पांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ. मग मधुमालती असो की बोगनवेल, टेप पाच फुटांवर थांबते. धुळ्याचे आप्पा त्याहून कडक. ते दोरी लावतात. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि नव्या वस्तीचे रस्ते सरळसोट आखले. तिथल्या गल्ल्या अजून नंबराने ओळखल्या जातात. अशा गावात वाढलेल्या माणसाला वाकडा वेल बघवत नाही. वेल मात्र दोरी बघून वाढत नाही.

पाण्याचं सांगायचं तर, जैन इरिगेशनच्या गावात, म्हणजे जळगावात राहून रोपाला बादलीने पाणी घालणं तिथल्या आप्पांना कमीपणाचं वाटतं. ठिबकची नळी हवीच. त्यांच्या सल्ल्याने शेजारच्या सरांनी बोगनवेलीला ठिबक केलं. वेल छपरापर्यंत गेला, हिरवागार झाला आणि फूल एक नाही. बोगनवेलीला थोडी तहान सोसावी लागते, मग ती रंगावर येते. पलीकडच्या घराचे मालक धंद्यासाठी सुरतेला गेले ते वेलाला विसरूनच गेले. त्यांचं कंपाउंड फेब्रुवारीपासून राणी रंगात न्हालेलं. आप्पांचं मत: "त्याची जमीनच चांगली."

खरी परीक्षा झाली ती आप्पांच्या मुलाने लंडनहून फोटो पाठवला तेव्हा. विटांचं घर, आणि दारावरून लोंबणारे जांभळ्या फुलांचे हातभर घोस. विस्टेरिया. काकूंनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि जाहीर केलं, "आपल्या दारावर हाच पाहिजे."

विस्टेरिया मूळचा चीन-जपानचा. चिनी जात १८१६ साली इंग्लंडात पोचली आणि तिथल्या घरांच्या दर्शनी भिंती बळकावून बसली. हिवाळ्यात पानं गाळून चांगला गारठा मिळाल्याशिवाय तो नीट फुलत नाही. जळगावची थंडी भरीत पार्ट्यांना पुरते, विस्टेरियाला नाही. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की माणसंही कोमेजतात. त्यात बियांपासून लावला तर पहिलं फूल यायला दहा-पंधरा वर्षंही लागतात. आप्पांनी मनातल्या मनात स्वतःचं वय त्यात मिळवलं आणि नर्सरीवाल्याला विचारलं, "दुसरं काय आहे?"

नर्सरीवाल्याने आधी लसूणवेल पुढे केला. फुलं जांभळी, पण पान चुरगाळलं की लसणाचा वास. काकू म्हणाल्या, फोडणी घरात रोज होतेच. मग निघाला पेट्रिया: उष्ण प्रदेशातला, मध्य अमेरिकेकडचा, पान हाताला खरखरीत, उन्हाळ्याच्या तोंडावर निळ्या-जांभळ्या झुपक्यांनी लगडणारा. याचं गडद फूल लवकर गळतं, पण त्यामागची फिकट चांदणी पुढे बरेच दिवस टिकते आणि शेवटी गरगरत खाली उतरते. काकूंना पसंत पडला. नर्सरीवाल्याने बजावलं, दोन वेलांत दहा फूट ठेवा, आणि जाळी भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

जाळीचं आप्पांनी ऐकलं. त्यांचं कौतुक करायचं तर इथेच करावं: मधून हवा खेळती राहिली, पश्चिमेची भिंत दुपारी तापायची कमी झाली, आणि कूलर आता उशिरा लागतो. दहा फुटांचं मात्र ऐकलं नाही. मधली जागा रिकामी? सात रोपं आली, पाच-पाच फुटांवर.

माळ्याने खड्डे घेताना एकदाच तोंड उघडलं. "आप्पा, हाई वावर नही शे, घर शे."

तिसऱ्या पावसाळ्यात घर दिसेनासं झालं. सात वेल एकमेकांत असे गुंतले, की कुठला कुणाचा ते आप्पांनाही सांगता येईना. 'मातृछाया' या पाटीतलं 'मातृ' गेलं, नुसती छाया उरली. वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेला मुलगा शेजाऱ्यांकडे आप्पांच्या मीटरचा पत्ता विचारू लागला. छाटणीचं नाव काढलं की आप्पा गप्प. वावरात केळीची पिलं विळ्याने सपासप काढणारा हा माणूस दारातल्या वेलाला कात्री लावायला तयार नाही. नाशिककर द्राक्षाला वर्षातून दोनदा कात्री लावतात म्हटलं, तर म्हणतात, "त्यांचं काळीजच तसं."

मुलाने शेवटचा उपाय म्हणून फोनवर कॅलिफोर्नियातल्या सिएरा माद्रे गावाची गोष्ट सांगितली. तिथे १८९४ साली एका घराशी विस्टेरियाचं छोटं रोप लावलं. वेल वाढत गेला, त्याच्या भाराने मूळचं घर मोडलं, आणि आज तो एकरभर पसरलाय. आप्पा घाबरतील अशी त्याची अपेक्षा होती. पलीकडून जरा वेळाने आवाज आला, "एका रोपात एकर?"

यंदा समोरच्या प्लॉटवर नवं घर झालं. आप्पा टेप घेऊन गेले आणि पहिल्यांदाच दहा फुटांवर खूण केली. घरमालक चकित झाले. आप्पांनी वाकून मधल्या जागेतली माती चिमटीत घेतली, चोळली आणि म्हणाले, "आता या मधल्या दहा फुटांत दोन पपया बसतात. खाली मेथी टाका."