दोन खातेदार

परळीत पावसाळ्यात बूट झटकल्याशिवाय कुणी पाय आत घालत नाही. वीटभट्टीवर तर थप्पीतली वीटसुद्धा आधी काडीनं हलवून मग उचलतात. अशा गावात विंचू पाळणारा माणूस निपजावा, ही वैजनाथाचीच लीला. गळ्यात नाग घालणाऱ्या देवाच्या गावात हे कधीतरी व्हायचंच होतं, असं त्याचा पक्ष घेणारे म्हणतात. पक्ष घेणारे दोनच आहेत. एक तो स्वतः आणि दुसरा काचवाला.

वय तिशीच्या अलीकडं-पलीकडं, थर्मलमध्ये ठेकेदाराकडं कामाला, बोलणं बेताचं. पण पेटीचा विषय निघाला की त्याच्या अंगात तलाठी संचारतो. "एका पेटीत दोन खातेदार हायेत," तो सांगतो. उजवीकडं काळी इंगळी, डावीकडं केसाळ टॅरेंट्युला. हा कोळी कुठून आणला, हे तो सांगत नाही. "बांध पक्का पायजे. बांध फुटला की खून." यात अतिशयोक्ती नाही. या दोघांनाही शेजारधर्म ठाऊक नाही. समोर हललं ते जेवण, एवढाच त्यांचा व्यवहार.

बांध घालण्यात मात्र या माणसाचा हात धरणारा मिळायचा नाही. मधली काच मातीवर उभी करायची नाही, थेट तळाला भिडवायची. कोळी बीळ करणाऱ्यातला, वरून अडवला तर खालून अतिक्रमण करतो. सिलिकॉन लावून शिरक्यासारखा वास पुरता जाईपर्यंत पेटीत कुणाला सोडायचं नाही. पुन्हा ते सिलिकॉन कोपऱ्यात जाड राहिलं तर पंचाईत. नुसत्या काचेवरून विंचू घसरतो, पण त्या खरखरीत रेघेत नख्या रोवून शिडी चढल्यागत वर येतो. म्हणून हा पठ्ठ्या ब्लेड घेऊन रात्र-रात्र कोपरे तासत बसतो. कोळ्याचं उलटं. तो काच आरामात चढतो, पण उंचावरून पडला तर पोट फुटून मरतो. म्हणून त्याच्या बाजूला माती जास्त भरायची, म्हणजे पडायला जागाच उरत नाही. झाकण जाळीचं नको, त्यात त्याच्या पायाची नखं अडकतात. भोकं पाडलेलं ॲक्रिलिक हवं आणि ते मधल्या काचेला घट्ट टेकलेलं हवं. एवढी सूक्ष्म वाटणी करणाऱ्या या गृहस्थाचा सख्ख्या भावाशी न्हाणीघराच्या भिंतीवरून वाद आहे, तो मात्र अजून मिटलेला नाही.

ज्ञान सगळं व्हिडिओतून आलेलं. त्यातला गोरा माणूस पेटीखाली ऊब देणारी गादी ठेवायला सांगतो. यानं ती मागवलीही. मे महिन्यात परळीत गादीची गरज कुणाला, हे आईनं विचारल्यावर आता हा दुपारी पेटीपुढं टेबलफॅन लावतो आणि स्वतः वर्तमानपत्रानं वारा घेतो.

एकदा कोळी उताणा पडलेला दिसला. पाय वर, हालचाल नाही. आईनं मनातल्या मनात नारळ बोलला. "सुटला बिचारा," म्हणत ती सुपली घेऊन आली, तर हा आडवा. "हात लावू नको माय, कात टाकायलाय त्यो!" रात्रभर उशाशी बसून राहिला, बायकोच्या बाळंतपणात म्हणे इतका जागला नव्हता. सकाळी पेटीत दोन कोळी. त्यातली एक नुसती कात, अगदी दातांसकट. आईनं कपाळाला हात लावला. "एकाचे दोन केलेस व्हय रे!"

इंगळीचा थाट वेगळा. मोंढ्यातल्या आडत्याकडं नोटा तपासायचा निळा-जांभळा टॉर्च असतो, तो हा मागून आणतो आणि दिवे मालवून पाहुण्यांना दाखवतो. काळीकुट्ट इंगळी अंधारात हिरवट चमकते. पाहुणे चहा न घेताच निघतात. बायको बोलली की याचा दाखला तयार: यादगीरजवळच्या कंदकूरला नागपंचमीला लोक डोंगरावरचे विंचू हातावर खेळवतात. त्यावर बायकोचं उत्तर, "वर्षातून एक दिवस. अन् डोंगरावर. घरात न्हाई."

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवी. लहान तांबड्या विंचवाला तो पेटीत घेत नाही. आकारानं इंगळीच्या पासंगाला न पुरणारा हा विंचू माणसाच्या हृदयावर उठतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाचं प्राझोसिन त्यावर वापरून दाखवेपर्यंत कोकणात कितीतरी पोरं त्यानं नेली. गल्लीत कुणाला डंख झाला की हा त्याला विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाकडं जाऊ देत नाही. मोटारसायकलवर बसवतो आणि थेट सरकारी दवाखाना गाठतो. वाटेत मागच्याला विचारतो, "रंग कसा होता? नांगी जाड का बारीक?" मागचा कण्हत असतो.

त्यामुळं गल्लीची मोठी अडचण झाली आहे. त्याला नावं ठेवणं सुटत नाही आणि त्याच्यावाचून चालतही नाही. परवा शेजारच्या मावशींच्या सरपणात इंगळी निघाली. मावशी चप्पल उगारून उभ्या. हा लांब चिमटा घेऊन धावला. बघतो तर तिच्या पाठीवर पांढरी पिल्लं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, मावशी! आता हिला मारता?" मावशींची चप्पल खाली आली. "मारत न्हाई. पण तूच घेऊन जा, बाबा."

तासाभरानं तो काचेच्या दुकानात उभा होता. काचवाल्यानं माप विचारलंच नाही. नुसता हिरकणीची लेखणी शोधायला लागला.