करायला गेले फूल, झाला फ्लॉवर

जास्वंदीचं फूल काढायला बसलं की पहिली पाच मिनिटं हातात साक्षात सरस्वती असते. सहाव्या मिनिटाला फ्लॉवर उगवतो. म्हणजे भाजीतला. लाल रंग अर्धवट वाळलेला असताना ब्रशवरून पाण्याचा एक चुकार थेंब पडला, की तो रंगाला कडेकडेने ढकलत नेतो आणि पाकळीच्या ऐन मध्यावर कातरलेल्या कडांचा गड्डा उमटतो. टिपायला जावं तर दोन गड्डे. जलरंगात चूक दुरुस्त करता येत नाही, फक्त वाढवता येते. कोणी विचारलंच तर मी सांगते, "मुद्दाम ठेवलंय, टेक्श्चर आहे." या एका शब्दाने जेवढी पापं पोटात घातली असतील, तेवढी गंगेनेही घातली नसतील.

माझी चित्रं लहान असतात, 4 बाय 6 इंचांची. लोकांना मी सांगते की लहान आकारात फुलाशी जवळीक साधते. खरं कारण असं, की 300 जीएसएमच्या सुती कागदाचा 22 बाय 30 इंचांचा एक ताव कापला की 25 तुकडे निघतात आणि 25 वेळा चुकायची सोय होते. शाळेत असताना इंटरमीजिएटच्या परीक्षेत निसर्गचित्राला माझ्यापुढे कण्हेरीची फांदी आली होती. माझी पेन्सिल पानांवरून फुलापर्यंत पोचेतो तिने मान टाकली. मी प्रामाणिकपणे मान टाकलेली कण्हेर काढली. मला 'बी' ग्रेड मिळाली. पस्तीस वर्षं झाली, पण तो 'बी' अजून माझ्या छातीवर बिल्ल्यासारखा आहे आणि ही सगळी फुलं म्हणजे त्या अज्ञात परीक्षकाला मी पाठवत असलेली स्मरणपत्रं आहेत.

त्यात मराठीनेही डाव साधला. फूल काढणं म्हणजे चितारणंही आणि खुडणंही. सकाळी पावणेसातला सासूबाई आतून विचारतात, "फुलं काढलीस का गं?"

मी बाल्कनीतून ऐटीत म्हणते, "एक काढलं, दुसरं चाललंय."

मग त्या परडी घेऊन येतात. बघतात तर फुलं झाडावर आणि सून कागदावर.

"आणि देवाला काय कागद वाहू?"

जास्वंद एका दिवसाची. सकाळी उमलली की संध्याकाळी मिटली. त्यात आईंची पूजा साडेसातला आणि माझी लोकल आठनंतर लगेच. शेवटी तह झाला: पूजेला चार, कलेला एक. ते एकही उमलल्या उमलल्या आई लांबून असं न्याहाळतात, जसं माहेरी राहिलेल्या मुलीकडे शेजारणी बघतात.

तर पहिलं बिनफ्लॉवरचं फूल मी आईंपुढे ठेवलं. मोतीबिंदू काढल्यापासून आईंना नको ते दिसतं. त्यांनी चित्र हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं.

"छान आहे. कोणाकडचं?"

"कोणाकडचं म्हणजे? आपल्याच कुंडीतलं."

"आपलं नाही हे. आपल्याची एक पाकळी कायम दुमडलेली असते. कळीखाली पांढरा पिठ्या बसलेला असतो, मुंग्यांची ये-जा चालू असते. हे कुठलं तरी खात्यापित्या घरचं दिसतंय."

मला राग आला. राग यायचं कारण असं, की ते खरं होतं. मुंग्या मी गाळल्या होत्या, पिठ्या गाळला होता, दुमडलेली पाकळी उलगडून दिली होती. मी ज्याला फुलाचं व्यक्तिचित्र म्हणत होते, तो स्थळासाठी काढलेला फोटो होता.

सहीला मात्र मी कोणाला नावं ठेवू देणार नाही. माझ्या चित्रांत सर्वांत पक्की गोष्ट ती. तिच्यासाठी मी वेगळं पेन आणलं आहे, 0.1 टोकाचं, ज्याची शाई पाण्याने फुटत नाही. फुलावर मेहनत घेतली नसेल इतकी मी सहीवर घेतली. आधी इंग्रजी करून पाहिली, ती चेकवरच्यासारखी दिसायला लागली. मग देवनागरीत केली. शिरोरेघ ओढली तर नाव वळणीवर वाळत घातल्यासारखं दिसे, न ओढली तर अक्षरं घसरत. शेवटची वेलांटी फुलाच्या देठाला नेऊन भिडवावी अशी कल्पना सुचली तेव्हा मी रात्री साडेअकराला उठून बसले. एकदा सहीच्या जागी पान आलं म्हणून पान हलवलं. एकदा तर सही आधी करून ठेवली आणि उरलेल्या जागेत फूल बसवलं, त्याची कळी झाली.

या नादात मी थोरामोठ्यांच्या सह्याही अभ्यासल्या. ड्यूररचा तो मोठा 'ए' आणि त्याच्या पायांत बसलेला लहान 'डी'. या माणसाने 1503 मध्ये जलरंगात गवताचा एक झुबका काढला, ज्याला आपण तण म्हणून उपटून टाकू, आणि अजून जग त्यापुढे उभं राहून मान हलवतं. जहांगिराचा उस्ताद मन्सूर. त्याला 'नादिर-उल-अस्र', म्हणजे युगाचं नवल, असा किताब होता, आणि काश्मीरची शंभरावर फुलं त्याने चितारल्याचं खुद्द बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. असा बादशहा मिळाला तर सहीची गरजच काय! आमच्याकडे बादशहा म्हणजे नवरा. माहेरचं आडनाव घालू की सासरचं, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "दोन्ही घाल. फूल मागच्या बाजूला काढ."

सहीचं हे पुराण आणखीही ऐकवलं असतं, पण मध्ये दापोडी आलं.

दापोडी माझ्या लोकलच्या वाटेवरच आहे. कासारवाडी गेलं की दापोडी, मग मुळेवरचा पूल आणि खडकी. कैक वर्षं मी त्या स्टेशनावर फक्त चढणाऱ्यांची कोपरं चुकवली. इथे एके काळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा बंगला होता नि सरकारी वनस्पती उद्यान होतं, हे मला या फुलांच्या नादात कळलं. 1847 ते 1850 च्या सुमारास तिथल्या बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून दीडशेवर झाडाफुलांची जलरंगातली चित्रं करून घेतली. ती आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. इतकी नेमकी, की त्यांवरून झाड ओळखता येतं. बागेचं नाव राहिलं, साहेबांचं राहिलं, फुलांची तर लॅटिनमध्ये राहिली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव नाही.

हे कळलं त्या दिवशी लोकल दापोडीला नेहमीसारखी अर्धं मिनिट थांबली असेल. गोव्याकडचा असेल का वसईकडचा, फूल कोमेजायच्या आत काढायला तोही सकाळी लवकर बसत असेल का, वगैरे विचार करत मी उभी होते, आणि माझ्या पर्समध्ये सहीचा सराव केलेले बँकेच्या स्लिपांचे सात कागद होते. ते मी खडकी येईपर्यंत बारीक फाडले.

संध्याकाळी मेथी निवडताना आईंना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, हळहळतील.

"नाव असणारच की त्याला," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलं नसेल." आणि जुडीचा दोरा सोडता सोडता, "मला तरी कोणी विचारलं होतं?"

लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, ते आईंना भटजींनी मोठ्याने वाचल्यावर कळलं. आधीचं नाव एका फुलाचं होतं. त्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस, त्यांचा थोरला भाऊ, चार वर्षांपूर्वी गेला. हे सांगताना त्यांचा हात थांबला नाही, कोवळी पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. रेशनकार्डावरचं नाव मला पाठ होतं, तेवढंच. कुठलं फूल ते लिहू नकोस, असं त्यांनी बजावलं आहे, कारण सोसायटीत सगळे वाचतात. ते फूल काढायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा फ्लॉवर.

मग आषाढात चार दिवस संततधार लागली. बाल्कनीत पाणी, कुंडीत पाणी आणि झाडावर एकच फूल, तेही पागोळीखाली सापडून अर्धं चिंबलेलं. मी ते होतं तसं काढलं. दुमडलेली पाकळी, देठाशी पिठ्या, दांड्यावरून खाली यायला वाट न सापडणारी एक मुंगी. मधल्या दांड्यावर परागांचे पिवळे ठिपके असतात नि टोकाला पाच लाल टिकल्या. त्या पिवळ्यासाठी कागद आधीच सुईच्या अग्राएवढा कोरा सोडावा लागतो. वरून पांढरा रंग थापणं म्हणजे उपासाच्या दिवशी कांदा. मी सगळे ठिपके सोडले. खाली, सवय जात नाही, सही ठोकली.

आईंनी चित्र हातात घेतलं, हातभर लांब धरलं आणि म्हणाल्या, "हं. हे आपलं."

त्या दिवशी संकष्टी होती. मी ऑफिसातून आले तर झाडावरचं फूल गळून कुंडीत चिखल झालेलं, आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या पायाशी माझं चित्र. वर हळदकुंकू. ड्यूररच्या गवताला हा मान मिळाला नसेल! मी नवऱ्याला बोलावून दाखवलं, फोटो काढला, बहिणीला पाठवला. रात्री झोप लागेना. त्याला फ्रेम कुठली करायची हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर देव्हारा धुऊनपुसून स्वच्छ.

"आई, चित्र?"

"निर्माल्य झालं ना गं ते," त्या म्हणाल्या. "घातलं झाडालाच."

मी बाल्कनीत धावले. कुंडीत दूर्वांच्या खाली कागद सापडला. पावसाने लाल रंग वाहून गेला होता. पाकळ्यांच्या जागी फिकट गुलाबी ओल होती आणि मुंगी तर नव्हतीच. उजव्या कोपऱ्यात, वेलांटीसकट, सही जशीच्या तशी.