हँग आऊटची विषयपत्रिका

कलेक्टर कचेरीत हयात घालवून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, ठाण्यातली जुनी जागा विकून कासारवडवलीच्या टॉवरमध्ये चढलेला आणि चढताक्षणीच गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी झालेला गृहस्थ घोडबंदर रोडवर टॉवरगणिक एक आढळतो. आमच्या टॉवरमधल्यास सारे रावसाहेब म्हणतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले त्यांचे इंग्रजी सरकारी खलित्यास शोभेसे होते. परंतु नातू ‘आम्ही खाली हँग आऊट करतोय’ म्हणून निघाला, तेव्हा गॅलरीबाहेर कपडे टांगणाऱ्यांस नोटिसा धाडून थकलेल्या रावसाहेबांना, कार्टे त्याच गुन्ह्यात सामील झाले, असे वाटले. सुनेने खुलासा केला, “बाबा, चौघांनी जमायचं, काही ठरवायचं नाही, मजेत वेळ घालवायचा.”

‘काही ठरवायचं नाही’ हे कलम वगळून रावसाहेबांनी तो प्रघात मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी फलकावर ज्येष्ठ सभासदांच्या हँग आऊटची, चौदा पूर्ण दिवसांच्या मुदतीची, सहीशिक्क्यानिशी नोटीस झळकली: जमणे, मागील हँग आऊटचे इतिवृत्त वाचून कायम करणे, गप्पा, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विनोद. मागील हँग आऊट झालेच नव्हते, ही एका वकील सभासदाची हरकत दाखल करून घेऊन फेटाळण्यात आली.

मुक्रर दिवशी जांभळी नाक्यावरून फरसाण घेऊन निघालेले रावसाहेब मानपाड्याजवळ बसमध्ये अडकले. ज्या घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी 1737 साली पोर्तुगीजांकडून सर केला, त्या घोडबंदरच्या वाटेवर हल्ली मेट्रोचे खांब आणि गुजरातकडचे ट्रेलर यांतून वाट काढणे चिमाजीअप्पांच्या फौजेसही जड गेले असते. अर्धा तास गेला, तास गेला. शेजारच्या उतारूने शेंगदाणे पुढे केले. भिडेखातर रावसाहेबांनी फरसाणाची पुडी सोडली. आणि घोडा मरून दोन वर्षे उलटली तरी त्याच्या चंदीचा भत्ता उचलणाऱ्या एका मामलेदाराची हकिकत त्यांनी अशी काही साभिनय सांगितली, की मागच्या बाकावरची कॉलेजातली पोरे उभी राहून ऐकू लागली आणि कंडक्टर तिकिटे फाडायची विसरला.

घरी पोचले तेव्हा गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊन सभासद झोपी गेले होते. रावसाहेबांनी चष्मा पुसला, इतिवृत्ताची वही उघडली आणि नोंद केली: “सेक्रेटरी रस्त्यात अडकल्याकारणाने हँग आऊट होऊ शकले नाही. फरसाणाचा खर्च मंजूर.”