सूचक, अनुमोदक आणि फ्रेमवर्क

आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट. मेंटेनन्सची पावती पुस्तकातून फाडायची की अ‍ॅपमधून काढायची, यावर तीन सभा झाल्या आणि अ‍ॅप ठरलं. ते कशात, म्हणजे कुठल्या फ्रेमवर्कच्या तयार सांगाड्यावर लिहायचं, यावर चौथी. ही गोष्ट २०२१ ची. सेक्रेटरी मी, कारण मी ‘कॉम्प्युटरमधला’.

ए विंगच्या चिरंजीवांनी रिअ‍ॅक्ट सुचवलं. “त्याच्यामागे फेसबुक आहे, काका. आणि रिअ‍ॅक्ट येणारी पोरं ढिगाने मिळतात.” सी विंगच्या कन्येने नाक मुरडलं. तिचं म्हणणं, फिनिक्स घ्या, एलिक्सिर भाषेतलं. २०१५ साली फिनिक्सवाल्यांनी एकाच सर्व्हरवर वीस लाख जोडण्या एकाच वेळी टिकवून दाखवल्या होत्या. खजिनदार काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “आपले सभासद ८४. त्यातले अकरा थकबाकीदार. ते कशालाच जोडलेले नाहीत.”

रिअ‍ॅक्ट हे पडद्यावर दिसणाऱ्या भागाचं, फिनिक्स मुळात सर्व्हरवरचं. म्हणजे वाद पोळी घ्यावी की आमटी, असा चालला होता. पण सभा रंगात आली की असल्या तपशिलांना कोण विचारतं?

आधी मोठ्या घरच्या स्थळाचं बघू. गुगलचं अँग्युलरजेएस २०१० साली आलं, तेव्हा अख्खी वरात त्याच्यामागे नाचली. २०१६ मध्ये गुगलने अँग्युलर २ आणलं, त्याचं जुन्याशी नातं नावापुरतं. लिहिलेलं पुन्हा लिहा! आणि २०२१ सरता सरता जुन्याची देखभालही थांबली. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचं २००७ मध्ये थाटात बारसं झालं, २०२१ च्या ऑक्टोबरात विसर्जन. मागे कोण उभं आहे, हे सगळे विचारतात. किती दिवस उभं राहणार, हे कोणी विचारत नाही. मोठ्या कंपनीला आपल्या पावत्यांचं सोयरसुतक नसतं.

आता आडवाटेचे वारकरी. एल्म नावाची भाषा २०१२ ची, फ्रेमवर्क तिच्या पोटातच. तिच्यात लिहिलेलं चालता चालता कोसळत नाही, अशी ख्याती. २०१९ च्या ऑक्टोबरात तिची ०.१९.१ ही आवृत्ती आली आणि मग वर्षानुवर्षं शांतता. अंक एकपर्यंतही पोचला नाही. भक्त म्हणतात, पूर्ण झालीय म्हणून शांत आहे. समाधीबद्दलही भक्त हेच म्हणतात.

कन्येकडे हुकमाचं पान होतं. एलिक्सिर चालते अर्लांगच्या यंत्रणेवर. अर्लांगचा जन्म एरिक्सनमधला, टेलिफोनच्या एक्स्चेंजसाठी. व्हॉट्सअ‍ॅप याच अर्लांगवर उभं राहिलं. ४५ कोटी वापरणारे, इंजिनीयर जेमतेम बत्तीस. २०१४ मध्ये फेसबुकने ते १९०० कोटी डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. म्हणजे चिरंजीव ज्यांच्या नावाने रिअ‍ॅक्ट खपवत होते, त्यांनीच आडवाटेवरचं दुकान सोन्याच्या भावाने उचललं होतं. चिरंजीव क्षणभर गप्प.

पण हे पान उलटून बघायला हवं. लाखो माणसं एकाच वेळी लाइनीवर धरून ठेवायची, एक तुटली तर बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे टेलिफोनचं दुखणं आणि व्हॉट्सअ‍ॅपचंही तेच. औषध त्याच रोगावरचं होतं, म्हणून लागू पडलं. आमचा रोग वेगळा. महिन्याला ८४ पावत्या, थकबाकीवर व्याज, वर्षाअखेर ऑडिटरला हिशेब.

त्यासाठी मी हळूच फ्रॅपेचं नाव काढलं. मुंबईत तयार झालेलं, पायथनमधलं फ्रेमवर्क. ईआरपीनेक्स्ट ही हिशेबाची प्रणाली त्याच्यावरच उभी आहे. बिलं, पावत्या, येणी हा तिचा रोजचा धंदा, आणि सॉफ्टवेअर मुक्तस्रोत. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात कुकर आहेर दिलाय. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

मग उमगलं. पावत्यांकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. दोघं बघत होते आरशात. त्याला पुढच्या मुलाखतीत सांगायला रिअ‍ॅक्ट हवं होतं, तिला मित्रमंडळींत भाव खायला फिनिक्स. गर्दीत शिरणाऱ्याला वाटतं, बुडालो तर सगळ्यांबरोबर बुडू, दोष कोणी देणार नाही. आडवाट धरणाऱ्याला वाटतं, तरलो तर एकटा तरेन, श्रेय वाटावं लागणार नाही. बोटीत बसलेल्या ८४ जणांचं नाव दोघांच्याही तोंडी नाही. आणि कुकरवालाही काही साळसूद नव्हता. पायथन मला येतं, म्हणून मला ते आठवलं.

बहुमताने रिअ‍ॅक्ट झालं. दोन वर्षं छान चाललं. चिरंजीव एमएस करायला जर्मनीला गेले, कन्या बंगळुरूला. मग पावतीवरची व्याजाची टक्केवारी बदलायची वेळ आली. ढिगाने मिळणाऱ्या पोरांतलं एक बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला, कमांड दिली. काळ्या पडद्यावर पिवळ्या सूचना, मग लाल, मग नुसताच लाल. “काका, हे क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप नावाच्या साधनावर केलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टवाल्यांनीच ते मोडीत काढलं. नव्याने लिहावं लागेल.”

“कशात?” काकांनी विचारलं. पोराचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखली. चौथ्या सभेत दोनदा पाहिली होती.

काकांनी त्याला थांबवलं आणि इतिवृत्ताची वही पुढे ओढली. ठराव लिहिला: “अ‍ॅप कशातही लिहावे. मात्र ज्याने सुचवले, त्याने सोसायटी सोडण्यापूर्वी येथेच राहणाऱ्या एका सभासदास ते दुरुस्त करण्यास शिकवून जावे.”

सूचक: खजिनदार. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.