नऊ अधिक दोन, जमलं तर आणखी एक

रेल्वेचं वेळापत्रक वाचता येणारे लोक पुष्कळ असतील, पण रेल्वेचं ड्युटीपत्रक वाचायला तपश्चर्या लागते. २०१६च्या परिपत्रकानुसार लोको पायलटने एका दमात नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये. पण नऊ भरायच्या दोन तास आधी त्याला तसं कळवलं, तर चालवावी. मात्र साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत अकरा तासांच्या वर जाऊ नये. पण पुढच्या तासाभरात मुक्कामाचं किंवा बदली चालक मिळण्याचं ठिकाण येणार असेल, तर जावं. पूर, अपघात, आंदोलन, यंत्राचा बिघाड असं काही उद्भवलं, तर घड्याळाकडे बघूच नये. नऊ अधिक दोन अधिक एक. माणसाचे बारा वाजतात, पण अगदी नियमात बसून.

आणि प्रगती नाही असं कोण म्हणतं? १९७३ साली इंजिनचालकांनी संप केला, तेव्हा रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी दहा तासांची मर्यादा मान्य केली होती. त्रेचाळीस वर्षांत आपण दहावरून अकरावर आलो. मालगाड्यांचा वेगसुद्धा इतक्या निष्ठेने वाढलेला नाही.

मालगाडीवाल्याचे तास कसे भरतात, ते भुसावळकडच्या कुणालाही विचारा. मध्यरात्री कॉल येतो. लॉबीत जाऊन नळीत फुंकायचं आणि आपण प्यायलेलो नाही हे सिद्ध करायचं. (झोप झाली आहे की नाही, हे सांगणारी नळी अजून निघालेली नाही.) मग गाडी निघते आणि दोन स्टेशनांनंतर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, पडते. मेल जाते, एक्स्प्रेस जाते, मागून आलेली दुसरी मालगाडीही डोळ्यांदेखत पुढे काढली जाते. आता डबा उघडावा म्हणून भाकरीचा पहिला तुकडा मोडला, की नेमका तेव्हाच सिग्नल पिवळा होतो. कंट्रोलरला डब्यातलं दिसतं, असा चालकांमध्ये एक समज आहे.

काम संपलं की विश्रांती. इथे तर रेल्वेने गणितशास्त्राला नवीन वळण दिलं. मोठी ड्युटी करून मुख्यालयी परतलं की सोळा तासांची विश्रांती, आणि महिन्यातून चार वेळा तीस तासांची सुट्टी, म्हणजे पीरिऑडिक रेस्ट. चालक भोळे. त्यांनी बेरीज केली, शेहेचाळीस. प्रशासन म्हणालं, छे, सोळा हे तिसांतच धरलेत. २०२४च्या जूनमध्ये केरळातल्या काही चालकांनी शेहेचाळीस तास घरी राहून दाखवलं आणि कारवाई ओढवून घेतली.

ही वजाबाकी फक्त इंजिनापुरती ठेवणं म्हणजे इतरांवर अन्याय. शनिवारी संध्याकाळी सहाला हपिसातून सुटलेला साहेब सोमवारी सकाळी दहाला उगवतो. तब्बल चाळीस तास! रोजची झोप रविवारच्या सुट्टीत वळती केली, तर तीस तास रविवारी रात्री बाराच्या ठोक्याला संपतात. साहेबांनी तेव्हा टेबलावर हजर असावं. शिपायानेही, कारण बेल वाजवल्यावर कोणीतरी यायला हवं.

टेबलाखाली एक बटणही बसवावं. इंजिनात ते आहेच. साठ सेकंदांत चालकाने हॉर्न, थ्रॉटल, ब्रेक यांतल्या कशालाच हात लावला नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही बटण दाबलं नाही तर गाडी आपोआप ब्रेक लावते. बारा तास जागं ठेवलेल्या माणसाला दर मिनिटाला ‘जागा आहेस ना?’ असं विचारणारं हे यंत्र रेल्वेतलं बहुधा एकमेव काळजीवाहू खातं. हपिसात ते बसवलं तर काय होईल? दर मिनिटाला सगळं कामकाज ठप्प होईल. म्हणजे फरक कळायचा नाही.

राहता राहिली एकी-दुकीची गोष्ट. बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली १८५३ साली. बायो-टॉयलेट असलेलं इंजिन रुळांवर आलं २०१६ साली, सुरेश प्रभू मंत्री असताना. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९च्या सुमारास इंजिनात चढल्या, पहिली महिला चालक म्हणून देशभर सत्कार झाले, २०२५ साली त्या निवृत्तही झाल्या. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रेल्वे बोर्डाने एका समितीचा निष्कर्ष स्वीकारला, की जेवायला आणि शौचाला ठरावीक सुट्टी देणं गाड्या चालवण्याच्या दृष्टीने शक्य नाही. शाळेत करंगळी वर केली की मास्तर निदान ‘पळ’ तरी म्हणायचे.

हे ठरवणाऱ्या बैठका चालू असताना चहापाण्यासाठी आणि करंगळीसाठी कोण किती वेळा उठलं, हे माहितीच्या अधिकारात विचारायला हरकत नाही. उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस मिळतात. तिथे साठ सेकंदांचं बटण नाही.